घरगुती वायरिंग शिकवताना: दिवा लागणे ही चाचणी नव्हे

उद्दिष्टे

हे टिपण वाचल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील:
१. दिवा किंवा उपकरण चालू असूनही वायरिंगमध्ये राहू शकणाऱ्या पाच चुका ओळखणे व त्यांची कारणे सांगणे.
२. त्या चुका सुरक्षित व्होल्टेजवर वर्गात दाखवण्यासाठी पॅनेल तयार करणे.
३. चाचण्यांचा योग्य क्रम शिकवणे आणि मोजलेल्या आकड्यांवरून काम बरोबर आहे की नाही हे ठरवणे.
४. प्रात्यक्षिकाचे गुण चाचणीच्या आधारे देणे.

१. प्रस्तावना

घरगुती वायरिंगच्या प्रात्यक्षिकाचा तास डोळ्यांसमोर आणा. लाकडी बोर्डावर एक स्विच, एक होल्डर आणि एक सॉकेट आहे. प्रशिक्षणार्थी तारा जोडतो आणि निदेशकांना बोलावतो. पुरवठा सुरू होतो, दिवा लागतो. "सर, लागला!" निदेशक जर्नलवर सही करतात आणि पुढच्या बोर्डाकडे वळतात. तुकडीत वीसेक जण असतात, वेळ दोन-तीन तासांचा असतो, त्यामुळे असे घडणे स्वाभाविक आहे.

पण त्या सहीतून प्रशिक्षणार्थी काय शिकला? दिवा लागला की काम संपले, हे तो शिकला. पुढे तो शेकडो घरांत काम करील आणि प्रत्येक ठिकाणी हीच कसोटी लावील. ती कसोटी चुकीची आहे. पेटलेला दिवा एवढेच सांगतो की फेजपासून परत स्रोतापर्यंत विद्युतप्रवाहाला कुठून तरी वाट मिळाली आहे. ती वाट योग्य तारेतून गेली आहे का, स्विच योग्य जागी आहे का, अर्थची तार अखंड आहे का, जोड घट्ट आहेत का, यांतले काहीही तो सांगत नाही.

वायरिंगमधल्या बऱ्याच चुका पहिल्या दिवशी दिसत नाहीत. त्या दोन-चार वर्षांनी उघड होतात. तेव्हा तारतंत्री तिथे नसतो. तिथे असते ओल्या हातांनी धुलाई यंत्राला हात लावणारी गृहिणी किंवा स्टुलावर चढून दिवा बदलणारा मुलगा. म्हणून वायरिंग शिकवणे म्हणजे मुख्यतः न दिसणारी चूक शोधायला शिकवणे होय. हे कसे करावे ते या टिपणात पाहू.

२. आपल्यासमोर कोण बसले आहे?

सामुदायिक महाविद्यालयातील किंवा अल्पमुदतीच्या कौशल्य अभ्यासक्रमातील वर्ग एकसारखा नसतो. काही जण नुकतेच दहावी झालेले असतात. काही जण कंत्राटदाराच्या हाताखाली पाच-दहा वर्षे मदतनीस म्हणून राबलेले असतात आणि आता प्रमाणपत्र व परवान्यासाठी वर्गात आलेले असतात. पहिल्या गटाला पक्कड कशी धरायची इथपासून सांगावे लागते. दुसऱ्या गटाचा हात आपल्यापेक्षाही सफाईदार चालतो. पाइपातून तार ओढणे, भिंतीला खाच पाडणे, बोर्ड भरणे ही कामे ते सहज करतात.

अनुभवी प्रशिक्षणार्थ्याला "तुमचे काम चुकीचे आहे" असे म्हटल्यास तो ऐकणे बंद करतो. त्याचे म्हणणे सरळ असते: "इतकी घरे केली, कुठे काही झाले नाही." या वाक्याला व्याख्यानाने उत्तर देता येत नाही. त्याच्या हातात मीटर द्यावा आणि दिवा नीट लागणाऱ्या बोर्डातली चूक त्याला स्वतःला सापडू द्यावी. एकदा असे झाले की तोच वर्गातला सर्वांत काटेकोर तपासनीस होतो.

आणखी एक गोष्ट पहिल्याच तासाला सांगावी. वीज अधिनियम, २००३ अन्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेची विनियमने केली आहेत. सध्याची विनियमने २०२३ ची आहेत. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदारामार्फत आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचे असते. परवाने राज्यवार दिले जातात. आपला प्रशिक्षणार्थी सुरतेत काम करील, हैदराबादेत करील की नागपुरात, हे आपल्याला ठाऊक नसते. त्या त्या राज्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयाचे नियम त्याने पाहायचे आहेत. भारतीय मानके मात्र देशभर एकच आहेत: वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३.

३. दिव्याला न दिसणाऱ्या पाच चुका

३.१ स्विच न्यूट्रलवर बसवणे

स्विच नेहमी फेजच्या तारेत असावा. तो चुकून न्यूट्रलच्या तारेत बसला तरी दिवा लागतो आणि विझतोही. फरक दिवा विझल्यावर पडतो. बरोबर जोडणीत स्विच बंद केला की होल्डर फेजपासून तुटतो. चुकीच्या जोडणीत स्विच बंद असतानाही होल्डरपर्यंत फेज तसाच उभा असतो. घरातला माणूस स्विच बंद करून निर्धास्तपणे दिवा काढतो आणि त्याचे बोट होल्डरच्या पिनेला लागते. झटका मोठा नसला, तरी स्टुलावरून पडून हाड मोडू शकते. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाल्यास उपकरणाच्या आतल्या स्विचबाबत असेच होते. समोरून पाहताना अर्थचे मोठे छिद्र वर असेल, तर फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे असावा.

३.२ अर्थची तार नसणे किंवा मध्येच तुटलेली असणे

फ्रिज, पाण्याची मोटर, इस्त्री, गीझर ही सगळी उपकरणे अर्थशिवाय व्यवस्थित चालतात. अर्थची तार रोजच्या कामात भाग घेतच नाही. उपकरणातील विद्युतरोधन बिघडून फेज धातूच्या अंगाला लागेपर्यंत तिची गरज पडत नाही. म्हणून तिची उणीव कोणाच्या लक्षात येत नाही. तीन छिद्रांचे सॉकेट बसवलेले असते आणि मागे दोनच तारा असतात, हे दृश्य जुन्या घरांत नवीन नाही.

३.३ न्यूट्रल आणि अर्थ यांची अदलाबदल

या चुकीत उपकरणाचा परतीचा प्रवाह अर्थच्या तारेतून जातो. रोहित्राजवळ न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असतो, त्यामुळे वाट पूर्ण होते आणि उपकरण चालते. व्होल्टमीटरलाही ही चूक कळत नाही, कारण फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ दोन्हीकडे साधारण २३० व्होल्टच दिसतात. पुढे अर्थची तार कुठे तुटली, तर चालू उपकरणातून आलेला फेज त्या तारेला जोडलेल्या इतर उपकरणांच्या धातूच्या अंगावर येतो.

घरात आरसीसीबी असेल, तर भार सुरू करताच ती पडते. इथे दुसरी चूक घडते. "आरसीसीबी खराब आहे" असे म्हणून ती वगळून जोडणी केली जाते. खरे सांगणाऱ्या साक्षीदारालाच अशा वेळी बाहेर काढले जाते. आरसीसीबी पडली की आधी वायरिंगवर संशय घ्यायचा, आरसीसीबीवर नंतर, हे प्रशिक्षणार्थ्याच्या मनावर ठसवा.

३.४ सैल जोड

समजा, एका स्क्रूखालची तार नीट आवळलेली नाही आणि त्या जोडाचा रोध ०.५ ओम झाला आहे. ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ०.०५ अँपिअर घेतो. जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते: ०.०५ × ०.०५ × ०.५ म्हणजे एका मिलीवॉटच्या आसपास. काहीच जाणवत नाही. आता त्याच जोडातून २००० वॅटचा गीझर चालवा. प्रवाह ८.७ अँपिअर होतो आणि उष्णता ८.७ × ८.७ × ०.५ म्हणजे सुमारे ३८ वॅट. सोल्डरिंगचे साधे यंत्र २५ वॅटचे असते. प्लास्टिकच्या सॉकेटमागे, एका स्क्रूखाली त्याहून जास्त उष्णता रोज अर्धा तास निर्माण होत राहते. सॉकेट पिवळे पडते, मग काळे पडते, पुढे वितळते. एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह ठरलेल्या मर्यादेतच असतो.

३.५ तार आणि एमसीबी यांचा मेळ नसणे

एमसीबी तारेचे रक्षण करते. त्यासाठी एक साधी साखळी पाळावी लागते: भाराचा प्रवाह एमसीबीच्या क्षमतेपेक्षा जास्त नको आणि एमसीबीची क्षमता तारेच्या क्षमतेपेक्षा जास्त नको. दिव्यांच्या उपमंडलाचे उदाहरण घ्या. प्रचलित नियम १० पॉइंट किंवा ८०० वॅट असा आहे. ८०० वॅट म्हणजे साधारण ३.५ अँपिअर. ६ अँपिअरची एमसीबी पुरेशी आहे. पाइपातून नेलेल्या १.५ चौ. मि.मी. तांब्याच्या तारेची क्षमता १५ अँपिअरच्या आसपास असते. ३.५, ६, १५ अशी साखळी बरोबर बसली. आता "एमसीबी सारखी पडते" म्हणून कोणी तिथे ३२ अँपिअरची बसवली, तर तार जळून जाईल तरी एमसीबी पडणार नाही. दिवे मात्र पूर्वीसारखेच लागतील.

४. प्रात्यक्षिक: सहा पॅनेल

या पाच चुका फळ्यावर सांगून पटत नाहीत. त्यासाठी पुढील प्रात्यक्षिक करा. एकदा तयार केलेली पॅनेल अनेक तुकड्यांना वापरता येतात.

साहित्य: २३०/२४ व्होल्टचा, दोन्ही गुंडाळ्या वेगळ्या असलेला ट्रान्सफॉर्मर, ट्रकमध्ये वापरतात ते २४ व्होल्टचे दिवे व त्यांचे होल्डर, सहा लाकडी बोर्ड, स्विच, तीन पिनांची सॉकेट, एमसीबी, प्रत्येक बोर्डासाठी एक डबल पोल स्विच, झाकणे आणि मल्टिमीटर.

मांडणी: ट्रान्सफॉर्मरच्या २४ व्होल्ट बाजूचे एक टोक फेज माना. दुसरे टोक न्यूट्रल माना आणि तिथेच अर्थची पट्टी जोडा. रोहित्राजवळ जी स्थिती असते तिची ही छोटी प्रतिकृती झाली. प्रत्येक पॅनेलच्या सुरुवातीला डबल पोल स्विच ठेवा, म्हणजे तो बंद केल्यावर पॅनेलचा न्यूट्रल अर्थपासून वेगळा होईल. एक पॅनेल पूर्ण बरोबर जोडा. उरलेल्या पाचांत वरील पाच चुकांपैकी एकेक ठेवा. झाकणे बंद करा आणि पॅनेलना अ, आ, इ, ई, उ, ऊ अशी अक्षरे द्या. बरोबर पॅनेल कोणते, ते कोणाला सांगू नका.

कृती: सर्व पॅनेल एकाच वेळी सुरू करा. सहाही दिवे लागतील, सहाही स्विच चालतील. तुकडीला विचारा, "यांतले कोणते पॅनेल तुम्ही स्वतःच्या घरात बसवाल?" उत्तर कागदावर लिहून घ्या. मग पुरवठा बंद करा, मीटर द्या आणि दोन-दोन जणांची जोडी करून चुका शोधायला सांगा. शक्यतो जोडीत एक नवखा आणि एक अनुभवी प्रशिक्षणार्थी असावा. झाकण सर्वांत शेवटी उघडायचे. तार व एमसीबी यांच्या मेळाची चूक मात्र मीटरला सापडत नाही. एमसीबीवरील आकडा आणि तारेवरील छाप वाचूनच ती कळते, म्हणून ती झाकण उघडल्यावर सापडेल. तपासणीत डोळ्यांचे काम मीटरपेक्षा कमी नाही, हे इथे आपोआप लक्षात येते.

हे प्रात्यक्षिक २३० व्होल्टवर करू नका. जाणूनबुजून ठेवलेली चूक आणि पूर्ण व्होल्टेज एकत्र येऊ देणे निदेशकाला शोभत नाही. २४ व्होल्टवर धडा तोच मिळतो.

५. चाचण्यांचा क्रम

खऱ्या वायरिंगची तपासणी पुढील क्रमाने शिकवा. पहिल्या चार पायऱ्या पुरवठा बंद असताना करायच्या आहेत. क्रमाला अर्थ आहे: सुरक्षिततेची व्यवस्था आधी तपासली, तरच पुढे पुरवठा सुरू करण्याचा हक्क मिळतो.

पुरवठा बंद असल्याची खात्री करण्याचीही पद्धत आहे. मेन स्विच बंद करा, त्याला कुलूप लावा किंवा किल्ली खिशात ठेवा आणि "काम चालू आहे" अशी पाटी लावा. मग टेस्टर किंवा मीटर आधी ज्ञात चालू जागी लावून तो काम करतो हे पाहा, नंतर आपल्या मंडलावर लावा, पुन्हा ज्ञात चालू जागी लावा. मधल्या वेळेत टेस्टरच बिघडला असेल, तर ते तिसऱ्या पायरीला कळते.

पायरी १: डोळ्यांनी तपासणी. तारांचे रंग (फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा किंवा हिरवा-पिवळा), तारेची जाडी, एमसीबीवरील आकडे, स्क्रूखाली विद्युतरोधन अडकले आहे का, तांबे उघडे राहिले आहे का हे पाहा. प्रत्येक तार हलकेच ओढून पाहा. सैल जोड सापडण्याची सर्वांत चांगली वेळ हीच.

पायरी २: अर्थची अखंडता. अर्थच्या पट्टीपासून प्रत्येक सॉकेटच्या अर्थ छिद्रापर्यंत आणि प्रत्येक धातूच्या पेटीपर्यंत रोध मोजा. मीटरच्या दोन्ही तारा आधी एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध वजा करा. मोजण्याआधी अंदाज लिहायला लावा. १.५ चौ. मि.मी. तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओम असतो, म्हणजे २० मीटरला सुमारे ०.२४ ओम. मीटरने ०.३ दाखवले तर ठीक. ५ ओम दाखवले तर कुठेतरी जोड खराब आहे. केवळ बझर वाजला म्हणून पुढे जाऊ देऊ नका. बऱ्याच मल्टिमीटरांचा बझर काही दहा ओमपर्यंत वाजतो. दिवा लागण्यावर विसंबणे आणि बझर वाजण्यावर विसंबणे ही एकच चूक आहे.

पायरी ३: विद्युतरोधनाची चाचणी. मेगर ५०० व्होल्ट डीसीवर ठेवा. मेन स्विच बंद, एमसीबी व सर्व स्विच चालू, सर्व दिवे काढलेले, उपकरणांचे प्लग काढलेले आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरसारखी साधने सुटी केलेली असावीत. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून त्यांचा अर्थशी रोध मोजा. नंतर फेज ते न्यूट्रल मोजा. किमान १ मेगाओम हवा. जिना वायरिंगमध्ये टू-वे स्विचच्या दोन्ही स्थितींत मोजा. नव्या, कोरड्या वायरिंगमध्ये आकडा यापेक्षा पुष्कळ मोठा येतो. म्हणून नव्या घरात १.२ मेगाओम आले, तर नियमात बसले तरी कारण शोधायला लावा. पाइपात पाणी असेल, ओढताना तार खरचटली असेल किंवा एखादा खिळा लागला असेल. फेज-न्यूट्रल मोजताना शून्याजवळ आकडा आला, तर आधी एखादा दिवा काढायचा राहिला आहे का ते पाहावे.

पायरी ४: ध्रुवता. दिवे काढलेलेच ठेवा. मीटरचे एक टोक एमसीबीच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला आणि दुसरे होल्डरच्या पिनांना पाळीपाळीने लावा. स्विच बंद असताना एकाही पिनेपर्यंत वाट मिळता कामा नये. स्विच चालू केल्यावर एका पिनेपर्यंत मिळाली पाहिजे. स्विच बंद असतानाही मिळाली, तर स्विच न्यूट्रलवर आहे. सॉकेटमध्ये न्यूट्रल पट्टीपासून डाव्या छिद्रापर्यंत वाट मिळावी, अर्थच्या छिद्रापर्यंत मिळू नये. न्यूट्रल-अर्थ अदलाबदल इथेच पकडली जाते. डबल पोल मेन स्विच बंद असल्याने घरातला न्यूट्रल बाहेरच्या न्यूट्रलपासून वेगळा झालेला असतो, म्हणून ही चाचणी शक्य होते.

पायरी ५: पुरवठा सुरू करून. आता प्रथमच मेन स्विच चालू करा. व्होल्टेज मोजा. आरसीसीबीचे चाचणी बटण दाबा, ती पडली पाहिजे. मग प्रत्येक १६ अँपिअरच्या सॉकेटवर २००० वॅटचा भार तासभर चालवा, मेन बंद करा, पुरवठा बंद असल्याची खात्री करून सॉकेट उघडा आणि कुठे गरम लागते किंवा वास येतो का ते पाहा. सैल जोडाला दिवा बोलता करत नाही, भार करतो.

दिवा लागला का, हे पाहण्याची पाळी या सर्वांनंतर येते.

६. आकडेमोड: अर्थिंग आहे, तरी आरसीसीबी कशाला?

हा प्रश्न प्रत्येक तुकडीत येतो. अनुभवी प्रशिक्षणार्थी म्हणतात, "खड्डा चांगला भरला, मीठ-कोळसा घातला, आता आरसीसीबीचा खर्च ग्राहक का करील?" उत्तर फळ्यावर आकड्यांत द्या.

समजा, घराच्या अर्थिंगचा रोध ५ ओम आणि रोहित्राच्या अर्थिंगचा २ ओम आहे. तारांचा रोध सोडून देऊ. धुलाई यंत्रात फेज धातूच्या अंगाला लागला. प्रवाह जमिनीतून परत जाईल: २३० भागिले ७, म्हणजे सुमारे ३३ अँपिअर. यंत्रासाठी १६ अँपिअरची सी प्रकारची एमसीबी आहे. ती तत्काळ पडण्यासाठी ५ ते १० पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. ३३ अँपिअरला ती लगेच पडत नाही. पट्टी तापून पडायला वेळ लागतो आणि त्या वेळात यंत्राच्या अंगावर ३३ × ५, म्हणजे साधारण १६४ व्होल्ट राहतात. अर्थिंग चांगले, एमसीबी चांगली, तरीही अंग जिवंत.

आता ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांतला फरक पाहते. ३० मिलीअँपिअरच्या फरकाला ती ०.३ सेकंदाच्या आत पडायला हवी. ३३ अँपिअर गळतीला तर त्याहून फार लवकर पडते. माणसाने हात लावण्याआधीच पुरवठा तुटलेला असतो.

आता उलट प्रश्न विचारा: मग आरसीसीबी असताना अर्थची तार कशाला? तार नसेल, तर फेज अंगाला लागूनही प्रवाहाला वाट मिळत नाही, म्हणून आरसीसीबी पडत नाही. ती कोणीतरी हात लावेपर्यंत थांबते. शरीराचा रोध १००० ओम धरला, तर शरीरातून ०.२३ अँपिअर प्रवाह सुरू होतो आणि मग ती पडते. बहुधा जीव वाचतो, पण घरातल्या माणसाचाच टेस्ट लॅम्प झालेला असतो. दोन्ही व्यवस्था हव्यात, हे यावरून स्पष्ट होते.

आरसीसीबीच्या मर्यादाही सांगा. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर तिला फरक दिसत नाही. जादा भार किंवा शॉर्ट सर्किट हे तिचे काम नाही, त्यासाठी एमसीबी लागतेच. आणि चाचणी बटण दाबल्यावर ती पडली, याचा अर्थ अर्थिंग ठीक आहे असा होत नाही. बटण केवळ आतली यंत्रणा तपासते. अर्थची तार मुळीच नसलेल्या घरातही ते बरोबर काम करते.

७. मूल्यमापन: सही कशावर करावी?

प्रशिक्षणार्थी गुण जिथे मिळतात तिथे मेहनत करतो. सगळे गुण पेटलेल्या दिव्याला दिले, तर तो दिवा पेटवायला शिकेल. म्हणून ५० गुणांच्या प्रात्यक्षिकाची विभागणी अशी करून पाहा: आराखडा व तार-एमसीबीची निवड १०, जोडणीची सफाई व घट्टपणा १०, चाचणी पत्रक १५, दुसऱ्याच्या बोर्डातली चूक शोधणे १०, दिवा व सॉकेट अपेक्षेप्रमाणे चालणे ५.

चाचणी पत्रकात प्रत्येक मंडलासमोर अपेक्षित आकडा, मोजलेला आकडा, वापरलेले साधन आणि निर्णय असे चार रकाने ठेवा. "ओके" किंवा बरोबरची खूण स्वीकारू नका, आकडा मागा. सर्व सॉकेटसमोर ०.३ ओम आणि सर्व मंडलांसमोर १०० मेगाओम असे एकसारखे आकडे दिसले, तर कोणतीही दोन मंडले निवडून आपल्यासमोर पुन्हा मोजायला सांगा. न मोजता लिहिलेला आकडा सापडला, तर त्या दिवशी पत्रकाचे शून्य गुण द्या, कारण समजावून सांगा आणि पुन्हा संधी द्या. उद्या हाच प्रशिक्षणार्थी वीजजोडणीच्या चाचणी अहवालासाठी आकडे देणार आहे. त्या कागदावर विसंबून घरातली माणसे यंत्रांना हात लावणार आहेत. कागदावरचा आकडा मोजलेलाच असला पाहिजे, ही सवय वर्गात लागली नाही, तर बाहेर लागणे कठीण आहे.

चूक सापडलेल्या प्रशिक्षणार्थ्याला वर्गासमोर लाजवू नका. चूक लपवण्याची सवय याच लाजेतून लागते. ज्याने स्वतःच्या बोर्डातली चूक स्वतः शोधून पत्रकात लिहिली, त्याला पूर्ण गुण द्या. चूक होणे आणि चूक तशीच सोडून जाणे यांत फरक आहे. आपल्याला दुसरी गोष्ट थांबवायची आहे.

८. सारांश

पेटलेला दिवा वाट पूर्ण झाल्याचे सांगतो, वायरिंग सुरक्षित असल्याचे सांगत नाही. न्यूट्रलवरील स्विच, तुटलेली अर्थ, न्यूट्रल-अर्थ अदलाबदल, सैल जोड आणि तारेपेक्षा मोठी एमसीबी या चुकांमध्ये दिवा लागतोच. त्या शोधण्यासाठी डोळ्यांनी तपासणी, अर्थची अखंडता, विद्युतरोधन, ध्रुवता आणि शेवटी पुरवठा सुरू करून चाचणी असा क्रम पाळावा. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी एकमेकींना पूरक आहेत. गुण मोजलेल्या आकड्यांवर द्यावेत. पुढच्या वेळी "सर, लागला!" अशी हाक आली, तर बोर्डाकडे जाऊन एकच प्रश्न विचारा: "पत्रक कुठे आहे?"

९. स्वाध्याय

१. स्विच न्यूट्रलवर असलेल्या दिव्याची आकृती काढा. स्विच बंद असताना होल्डरच्या दोन्ही पिनांवर टेस्टर लावल्यास काय दिसेल? कारण द्या.
२. एका घरात ३० मीटर लांबीच्या १.५ चौ. मि.मी. तांब्याच्या अर्थ तारेचा रोध ४ ओम मोजला. अपेक्षित रोध किती? आपण पुढे काय कराल?
३. घराच्या अर्थिंगचा रोध १० ओम आणि रोहित्राचा २ ओम असेल, तर फेज उपकरणाच्या अंगाला लागल्यावर प्रवाह किती व अंगावरील व्होल्टेज किती? १० अँपिअरची सी प्रकारची एमसीबी तत्काळ पडेल का?
४. ग्राहक म्हणतो, "आरसीसीबी सारखी पडते, ती काढून टाका." त्याला समजेल अशा भाषेत पाच वाक्यांत उत्तर लिहा आणि आपण करणार असलेल्या चाचण्यांचा क्रम द्या.
५. आपल्या वर्गातील एका प्रात्यक्षिकासाठी चाचणी पत्रक तयार करा. मोजण्याआधी अपेक्षित आकड्यांचा रकाना भरा.